ड्रॅगनची तब्येत

किस्से जमवायला मला कधी काही करावं लागलं नाही. नोएडात नवी सेक्टर्स उगवत होती, तेव्हा तिथल्या एका मार्केटात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, चार खुर्च्या मांडल्या, बस्स! लोक यायचे, बसायचे आणि जाताना एकेक किस्सा ठेवून जायचे. माझं शिक्षण नववीपर्यंत, त्यामुळे डोक्यात जागाही भरपूर!

रविवारी सकाळी दोन मराठी माणसं हमखास हजर. एक कुलकर्णी साहेब, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. दुसरे सुभेदार कदम, फौजेतून रिटायर होऊन एका सोसायटीच्या सिक्युरिटीवर लागलेले. दोघांना एकाच गेमचं वेड. योद्धा, तिरंदाज, जादूगार अशी टोळी घ्यायची, गुहा पालथ्या घालायच्या आणि शेवटी ड्रॅगन मारायचा.

* * *

कुलकर्णी साहेब आल्या आल्या लेव्हल 'हार्ड'वर ठेवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "इझी खेळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ते चहा सांगायला बाहेर गेले की मी गुपचूप 'इझी' करून ठेवायचो. सहा महिने!

एकदा वहिनी त्यांना बोलवायला आल्या. साहेब म्हणाले, "बघ, हार्डवर राक्षस लोळवला!"

वहिनींनी चष्मा सावरला. "अहो, पण कोपऱ्यात इझी लिहिलंय."

साहेब जराही डगमगले नाहीत. "ती राक्षसाची लेव्हल आहे!"

* * *

सुभेदारांची तक्रार उलटी.

"बंडू, हे शत्रू आहेत की राशनची लाइन? शेजारचा पेटलाय आणि हा नुसता उभा! ह्यांचा पहाऱ्यावरचा संत्री कुठंय?"

एका रविवारी तर त्यांनी हल्लाच करायला नकार दिला. "अशा भोळ्यांवर हात नाही उचलणार यार. आधी ह्यांना ट्रेनिंग दे!"

* * *

मी दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या कॉम्प्युटर बाजारातून एक सीडी आणली. तिच्यात मॉड होता, म्हणजे गेमला वरून जोडायची एक फाइल. ती जोडली की शत्रूला अक्कल येते. तो आधी जादूगाराला गाठतो, जखमी झाला की पळतो, औषध पिऊन परत येतो आणि येताना चार भाऊ घेऊन येतो!

दोन मिनिटांत सुभेदारांची अख्खी टोळी आडवी.

सुभेदार खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता कानफटात बसते. त्यांनी पडद्याला कडक सॅल्यूट ठोकला! "शाब्बास! आता झाला जवान!"

* * *

त्याच मशीनवर चुकून कुलकर्णी साहेब बसले. चुकून म्हणजे, मीच बसवले.

अकरा वेळा मेले. मग बॅगेतून कागद काढून त्यांनी माझ्या हातात रीतसर नोट दिली: 'शत्रूचे वर्तन नियमबाह्य. उचित कार्यवाही व्हावी.'

मी खाली लिहून दिलं: 'शत्रूकडून खुलासा मागवला आहे.'

पुढच्या रविवारी साहेबांनी दारातूनच विचारलं, "आला का खुलासा?"

* * *

सुभेदारांचं गावी कायमचं निघायचं ठरलं. साताऱ्याकडे घर बांधून झालं होतं. राहिला होता फक्त ड्रॅगन. मॉडवाल्या त्या ड्रॅगननं त्यांना हिवाळाभर धूळ चारली होती.

शेवटच्या रविवारी ते ट्रंक घेऊनच दुकानात आले. दुपारची गाडी. "बंडू, आज एकदा ह्याला पाडतो आणि निघतो. गावात सगळ्यांना सांगून बसलोय!"

दोनदा हरले. घड्याळ बघितलं आणि तोंड धुवायला बाहेर गेले. जन्मभर लोकांची फिरकी घेतली मी, पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. पटकन मॉड काढला, लेव्हल इझी केली.

चार घावांत ड्रॅगन खलास! मी टाळ्या वाजवल्या, कुलकर्णी साहेबांनी वाजवल्या. सुभेदार मात्र पडद्याकडे वाकून बघत राहिले.

"बंडू, ह्याला बरं नव्हतं का रे?"

"कुणाला?"

"ड्रॅगनला. पळाला नाही, औषध घेतलं नाही, भावांना हाक मारली नाही..."

मी चहाचे ग्लास गोळा करायला लागलो. सुभेदारांनी सेव्ह न करताच मशीन बंद केलं, ट्रंक उचलली आणि ऑटोत जाऊन बसले.

महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. खुशाली नाही, घराचं काही नाही. मधोमध ठसठशीत अक्षरांत एवढंच:

'ड्रॅगनची तब्येत कशी आहे? बरा झाला की कळव. तिकीट काढतो.'