आधी नाव, मग पेला

नीळकंठ गेल्याची बातमी मला इंगळ्यांनी आणून दिली. अकोल्याच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी संपत आली होती, हात धुऊन मी वर्गाकडे निघालो होतो, तर फाटकाशी सायकल टेकवून इंगळे उभे. कचेरी सोडून हा माणूस भर दुपारी इथे कसा, असं मनात येतं न येतं तोच ते म्हणाले, "सर गेले. सकायीच गेले. अमरावतीहून आमच्या हापिसात फोन आला." मी उगाचच विचारलं, "कोणते सर?" इंगळ्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांना आयुष्यात सर म्हणावा असा माणूस एकच भेटला होता, आणि मला मित्र म्हणावा असाही तोच... आम्ही दोघं तिथेच फाटकाशी बराच वेळ उभे राहिलो. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, कोणी मला हाक मारली नाही.

नीळकंठ देशमुख अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे, हे त्याच्या ओळखीच्यांना माहीत आहेच. ज्यांना नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की विद्यार्थ्यांचा उद्योग मेळा म्हणून जो दर वर्षी संक्रांतीनंतर आमच्या वऱ्हाडात भरत आला, एक वर्ष अमरावतीला आणि एक वर्ष अकोल्याला, तो या एका माणसाच्या डोक्यातून निघाला. आणि इंगळे म्हणजे त्या मेळ्यातला सगळ्यात हुशार पोरगा. त्याचा कारखाना निघायला हवा होता. तो निघाला नाही. नीळकंठच्या उरलेल्या आयुष्याला जी कीड लागली ती याच गोष्टीची, आणि मित्र म्हणून मला आज तेच सांगायचं आहे. त्याच्या सद्गुणांची यादी शोकसभेत वाचून झाली. ती ऐकताना मला जांभई आली होती आणि नीळकंठलाही आली असती.

आम्ही दोघं एका वसतिगृहात वाढलो. तेव्हापासून त्याला दोन वेडं. एक कुस्तीचं आणि दुसरं पोरांनी नोकरी मागू नये याचं. स्वतः मात्र जन्मभर नोकरी केली. मी टोचलं की म्हणायचा, "बापू, मले पोवता येत नाही म्हणून का मी पोराले पान्यात ढकलू नये?" मेळ्याचा नियम त्यानेच घातला होता. भाषण नाही, बक्षीस नाही, हार नाही. पोरांनी स्वतःच्या हातानं काही बनवावं, मांडव टाकून बसावं आणि अनोळखी माणसाला ते विकून दाखवावं. पहिल्या वर्षी एकानं साबण आणला होता, त्याला फेस येत नव्हता. एकाच्या खडूनं फळा पांढरा होण्याऐवजी खरवडला जात होता. कपाशीचे व्यापारी हसत हसत फिरत होते आणि नीळकंठ त्यांच्या मागे मागे, "हसा, पन हात लावून हसा," म्हणत होता. चेष्टा करता करता लोक काहीबाही घेऊन जायचे. दोन-चार वर्षांत मेळ्याला नाव झालं, खेड्यापाड्यांतून पोरं यायला लागली.

आणि या मेळ्यात त्यानं कुस्तीच्या फडातली एक रीत आणली. पैलवान आखाड्यात उतरला की पुकारा होतो, अमक्याचा अमुक, मुक्काम तमुक. तसा दुपारी भोंग्यावर एकेका पोराचा पुकारा व्हायचा. पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, बाप काय करतो, पोरानं काय बनवलं. पुकारा नीळकंठ स्वतः करायचा, खणखणीत आवाजात, आणि पोरगं आपल्या मांडवात छाती काढून उभं राहायचं. तेल्याचं, माळ्याचं, शिंप्याचं पोर, ज्याच्या बापाचं नाव कधी तलाठ्यानंही धड घेतलं नसेल, त्याचं नाव भर मैदानात असं गाजताना मी पाहिलं आहे. एकदा एक म्हातारा शिंपी ते ऐकून रडला होता. त्यामुळे ही रीत चुकीची ठरेल असं आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

भाऊराव इंगळे भातकुलीचा. तिकडचं पाणी खारट, विहिरीचं तोंडात धरवत नाही. बाप मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत राखण करायचा. वारा सुटला की झाडाखाली संत्र्यांचा सडा पडतो, व्यापारी ती घेत नाही, ढीग सडून जातो. हे पोरगं लहानपणापासून ते ढीग बघत आलेलं. त्याच्या मनात आलं, याचं सरबत करून बाटलीत भरावं. पण आमच्या संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो. आजवर ज्यानं ज्यानं प्रयत्न केला त्याचं हसंच झालं होतं. भाऊरावनं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नीळकंठच्या मागे लागून सुट्टीभर खटपट केली आणि रस किती तापवायचा, विस्तवावरून नेमका केव्हा उतरवायचा, हे शोधून काढलं. महिने गेले तरी बाटली कडू होत नव्हती. नीळकंठ मला सांगायला खास अकोल्याला आला होता. "बापू, पोरगं कारखाना काढते का नाही पाह्य," म्हणाला. त्याला इतक्या आनंदात मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मेळा अकोल्याला होता. सकाळपासून भाऊरावच्या मांडवापुढे ही गर्दी. लोक पेला पिऊन दुसरा मागत होते. स्टेशनाजवळ दुकान असलेल्या एका शेटजींनी तर पोराच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "महिन्याले किती बाटल्या देशीन?" भाऊराव गडबडला, हसला. मी शेजारी उभा होतो. गर्दीतून कोणी एक विचारत होतं, "कोनचे इंगळे म्हनाचे हे?" आमच्याकडे एकच आडनाव चार जातींत सापडतं, म्हणून हा प्रश्न वऱ्हाडात रामराम म्हटल्यावर लगेच येतो. भाऊरावनं ऐकलं की नाही माहीत नाही. तो पेले धूत होता.

मग दुपारी पुकारा झाला. नीळकंठनं भाऊरावचं नाव मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. "भाऊराव सखाराम इंगळे, मुक्काम भातकुली. वडील संत्र्याच्या बागेत राखण करतात. गेल्या साली या कुटुंबानं बुद्धाचा धम्म घेतला. संत्र्याचं सरबत, जे कडू होत नाही..." नीळकंठला वाटलं, लोकांना हे ऐकून आपल्यासारखाच अभिमान वाटेल. आणि टाळ्या पडल्याही! चांगल्या दणकून पडल्या. मी त्या टाळ्यांना आजतागायत क्षमा केलेली नाही. कारण टाळ्या संपल्यावर मांडवापुढे कोणी नव्हतं. कोणी वाईट शब्द बोललं नाही, कोणी भांडलं नाही. लोक जरा पलीकडे सरकले, खडू आणि चटया बघू लागले. सकाळी दोन पेले प्यालेला एक गृहस्थ नळावर जाऊन चूळ भरत होता. शेटजी म्हणाले, "परवाना-बिरवाना लागन याले. पाहू मंग."

नीळकंठ भोंग्यापासून उतरून आला. त्याला समजायला थोडा वेळ लागला, मग समजलं. तो भाऊरावच्या मांडवात गेला आणि एक पेला प्याला. मग दुसरा. मग आणखी. लोकांनी बघावं म्हणून प्रत्येक पेला उंच धरून पीत होता. पोट टम्म झालं तरी थांबेना. शेवटी भाऊराव हळूच म्हणाला, "सर, तुमी काहून पिऊन राहिले? तुमी गिऱ्हाईक नाही." नीळकंठनं पेला खाली ठेवला. संध्याकाळी उरलेल्या बाटल्या आम्ही तिघांनी पेटीत भरल्या.

नंतर नीळकंठनं त्याला खूप समजावलं. शाई कर, फिनेल कर, पोटात जात नाही असं काहीतरी कर, पैसा मी उभा करतो. भाऊरावचं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. "शाई कोनाची हाय थे कोनी नाही विचारत, सर. मले तं, कोनाचं हाय विचारल्यावरही खपन, असंच काही करायचं होतं." पुढे त्यानं परीक्षा दिली आणि अकोल्यालाच सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागला. नोकरी पक्की, पगार वेळेवर, बापाची राखण सुटली. जो तो म्हणाला, पोराचं चांगलं झालं. मीही म्हणालो. फक्त नीळकंठ म्हणाला नाही.

त्यानं पुकारा बंद केला. पुढच्या वर्षापासून मांडवांना नुसते आकडे. नाव नाही, गाव नाही, बाप नाही. त्याला वाटलं, आता कोणाचं नुकसान होणार नाही. बरीच वर्षं मेळा तसाच भरला आणि खरं सांगायचं तर त्यातला जीव गेला होता. मग एका वर्षी भाऊराव, म्हणजे आता इंगळेसाहेब, बायकोपोरांना घेऊन मेळा बघायला आले. सगळे मांडव फिरले, दोन-तीन ठिकाणी खरेदी केली आणि निघताना नीळकंठपाशी येऊन म्हणाले, "सर, आकडे लावले तुमी. आमचं नाव चुकलं होतं का?" बस, एवढंच. आवाज चढवला नाही. त्या दिवशी नीळकंठ एकदम म्हातारा दिसला मला.

त्यानंतरच्या हिवाळ्यापासून तो घरी सरबत करायला लागला. भाऊरावची रीत त्याला पाठ होती, प्रयोगशाळेत त्याच्याबरोबर उभं राहून शिकला होता. स्वतः शेगडी पेटवायचा, स्वतः रस तापवायचा. अन् घरी कोणीही आलं, प्राचार्य येवोत की विमा एजंट, पेला त्याच्या पुढ्यात ठेवायचा, पण हातात घेऊ द्यायचा नाही. आधी पुकारा. "भाऊराव सखाराम इंगळे, मुक्काम भातकुली, बौद्ध. त्यानं शोधलेलं सरबत आहे. घ्या." आणि मग समोरच्याकडे बघत बसायचा. काहीजण सरळ प्यायचे. काहींना त्याच दिवशी नेमका खोकला असायचा, कोणाचा उपास निघायचा. एका सोयऱ्यानं तर पेला उष्टावल्यासारखं करून कुंडीत ओतला होता, त्याच्याशी नीळकंठ पुन्हा बोलला नाही. मी म्हटलं, "लेका, पाहुण्याची परीक्षा घेतोस की त्याले पानी पाजतोस?" तर म्हणाला, "माही परीक्षा चालू हाय, बापू." मी थट्टा सोडून दिली.

नीळकंठची बायको, आमच्या सुशीलावहिनी, ते सरबत पीत नसत. त्या मायाळू बाई, माझ्या आजारपणात त्यांनी माझं पथ्य सांभाळलं आहे. पण सोवळ्याओवळ्याचं माहेरचं वळण काही सुटलं नव्हतं. पेले धुऊन आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. मी एकदा नीळकंठला विचारलं, घरातच जमत नाही तर बाहेर कशाला कष्ट घेतोस? तो रागावला नाही. "गिऱ्हाईकावर जबरदस्ती करता येत नाही," म्हणाला. "वाट पाहाची असते." इंगळ्यांना त्यानं किती वेळा घरी बोलावलं. ते दर वेळी पुढच्या खेपेला म्हणायचे. हे दोघं एकमेकांना टाळत नव्हते, एकमेकांपुढे बसायला भीत होते, असं मला वाटतं. आणि मग छातीत कळ येऊन एका सकाळी नीळकंठ गेला, तेव्हा पुढची खेप राहूनच गेली.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी आणि इंगळे एस.टी.नं अमरावतीला गेलो. यंदा मेळा भरणार नाही, हे वहिनींना सांगायचं होतं. कॉलेजनं तसं कळवलं होतं, दुसरं कोणी पुढे यायला तयार नव्हतं. वहिनी एकट्याच होत्या. त्यांना ते अपेक्षितच होतं, मान हलवून ऐकून घेतलं. नीळकंठच्या बसायच्या खोलीत आम्ही बसलो. थोड्या वेळानं त्या बाटली आणि दोन पेले घेऊन आल्या. त्यानं गेल्या हिवाळ्यात केलेल्यांतली ती शेवटची. पेले भरून आमच्यापुढे ठेवले आणि इंगळ्यांनी हात पुढे केला तोच, डोक्यावरचा पदर सावरत, त्याच्यासारख्याच आवाजात म्हणाल्या, "भाऊराव सखाराम इंगळे, मुक्काम भातकुली..." आणि पुढच्या शब्दापाशी थांबल्या. मी खाली बघत होतो. इंगळे म्हणाले, "व्हय, काकू. मीच थो."

ते सावकाश प्याले. डोळे मिटून, जिभेवर घोळवत. "सरांले जमलं होतं," म्हणाले. "माह्यापेक्षा बरं जमलं." आणि मग ते पोरासारखे रडले. वहिनींनी त्यांना रडू दिलं. नंतर म्हणाल्या, "इंगळेभाऊ, मले शिकवा. दर हिवाळ्यात मी करीन. थे होते तसं चालू राहीन."

इंगळ्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "मले आता आठवत नाही, काकू. मेळ्यानंतर म्या कधी केलंच नाही. रस केवा उतरवायचा, याच्यातच सारं होतं. डोळ्यानं पाहून समजत होतं तवा. थे आता गेलं... तुमी तर पाह्यलं असन ना? सर घरीच करत होते."

वहिनींनी बाटलीचं बूच लावलं, परत काढलं. मग त्या म्हणाल्या, "त्यायनं शेगडी पेटवली का मी देवघरात जाऊन बसत होती. एकडाव सुद्धा पाह्यलं नाही मी."

बाटलीत तळाशी थोडं राहिलं होतं. वहिनी उठल्या, आतून आपलं पाणी प्यायचं फुलपात्र घेऊन आल्या, उरलेलं सगळं त्यात ओतलं आणि आमच्यासमोर उभ्या उभ्याच प्याल्या. शेवटचा थेंब येईपर्यंत फुलपात्र तोंडाशी धरून होत्या.

"असं लागत होतं हे," त्या म्हणाल्या, आणि रिकामी बाटली उलटी करून बघितली.