सहाव्या प्रकरणातला चहा

आमचे हे मर्गिलानच्या बाजारात चष्मे विकतात. लोकांना जवळचं दिसावं, लांबचं दिसावं, याची सगळी सोय त्यांच्या दुकानात आहे. स्वतःला मात्र एकच गोष्ट स्वच्छ दिसते, ती म्हणजे ‘तांब्याच्या दातांची म्हातारी’ हे पोरांचं पुस्तक. शाळेत बक्षीस मिळालं होतं, तेव्हापासून वाचताहेत. वय झालं की माणसं कबुतरं पाळतात, नाहीतर मशिदीत जाऊन बसतात. आमचे सोबिरजान गाढवाचा रंग तपासतात.

त्या गोष्टीत तोशमत नावाचा मुलगा आपली चोरीला गेलेली सावली शोधायला गाढवावर बसून निघतो. दुसऱ्या प्रकरणात गाढव करडं आहे, नवव्यात तपकिरी. हा शोध लागला त्या दिवशी हे भरदुपारी दुकान बंद करून धापा टाकत घरी आले. मला वाटलं, बाजाराला आग लागली.

“गाढव बदललंय!”

“कोणाचं?”

“तोशमतचं. मध्येच कुठेतरी त्याला दुसरं गाढव मिळालंय, आणि लेखकाने ते मुद्दाम लपवलंय.”

“किंवा विसरला असेल बिचारा.”

“लेखक विसरत नसतो, हनिफा. वाचक विसरतो.”

हे सांगणाऱ्या माणसाने आदल्याच दिवशी रस्त्यात माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला गिऱ्हाईक समजून थांबवून, “तुमच्या चष्म्याचा नंबर काय होता हो?” असं विचारलं होतं.

यंदा आमच्या एकुलत्या लेकीला, मुनिसाला, ताश्कंदला औषधांच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. माझे पाय जमिनीवर टेकेनात. आणि त्याच सुमारास रिसोलतआपांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. मुलगा बरा होता, खिडक्या बनवायचा कारखाना होता. आईबद्दल मी काही बोलत नाही. “शिकायचं काय, लग्न झाल्यावरही शिकता येतं,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडे टीव्ही मोठा आहे.”

मुनिसा नको म्हणाली. मलाही नको होतं. पण मागणी घेऊन आलेल्यांना तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. ते दोन नान कापडात बांधून दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, ठेवतात. नको असेल तर गोड बोलून ते गाठोडं तसंच परत द्यायचं. गाठ सोडून त्यांचा नान मोडला, की मुलगी दिली.

“अहो, त्या गाठोड्याला हात लावायचा नाही,” मी ह्यांना बजावलं. “चहा प्यायचा, हवापाण्यावर बोलायचं, बस.”

“एवढं कळतं मला,” हे पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले. कारण त्याच आठवड्यात ह्यांना आयुष्यातला सर्वांत मोठा शोध लागला होता.

तो त्यांनी आम्हाला जेवताना सांगितला. मी इतकी रंगून गेले होते, की पुलावातली गाजरं मोजत होते म्हणा ना. मुनिसा मात्र ऐकत होती.

“सहाव्या प्रकरणात तोशमत म्हातारीच्या गुहेत जातो. सगळे म्हणतात, ती त्याला खायला बसलीय. पण ती त्याला चहा कसा ओतते? पियाला काठोकाठ भरून! आता सांग मुनिसा, आपण काठोकाठ पियाला कोणाला देतो?”

“ज्याला घालवायचंय त्याला. मानाच्या पाहुण्याला घोटभरच ओततो.”

“बरोब्बर! म्हणजे म्हातारी त्याला ऊठ, पळ, जीव वाचव असं सांगतेय. आणि ते येडं गरम गरम पिऊन वर आणखी मागतंय! इतकी वर्षं मीही त्या येड्यासारखाच वाचत होतो.”

“फक्त वाचत?” मी म्हटलं. मुनिसा हसली, आणि म्हणाली, “पुढे सांगा ना, बाबा.”

ठरल्या दिवशी रिसोलतआपा आल्या, सोबत मुलाचे मामा, निगमतआका. द्राक्षांच्या मांडवाखाली मी दस्तरखान पसरलं. गाठोडं मधोमध ठेवलं गेलं. हवा झाली, पाणी झालं, जर्दाळूचं पीक झालं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात भल्या माणसासारखे निगमतआका म्हणाले, “सोबिरजान, हे पुस्तक कसलं?”

संपलं. ह्यांचा चेहरा असा उजळला की आमच्या लग्नातही उजळला नव्हता. गाढवापासून सुरुवात झाली. बोलता बोलता ह्यांची बोटं गाठोड्याच्या गाठीशी चाळा करू लागली. मी खोकले. पुन्हा खोकले. निगमतआकांनी मला पाणी दिलं. तोवर गाठ सुटली होती.

“आणि म्हातारी समोर बसलीय,” हे रंगात आले, “तोशमत थरथरतोय, तिच्या पुढ्यातले दोन नान एकावर एक ठेवतो आणि कसे मोडतो माहितीय? अस्से!”

कट्‌ असा आवाज झाला.

ह्यांच्या दोन्ही हातांत अर्धे अर्धे नान होते आणि तोंड उघडं होतं. ताश्कंद, कॉलेज, माझ्या लेकीचं सगळं आयुष्य त्या तुकड्यांत मला दिसत होतं आणि ह्यांना मी जन्मात माफ करणार नव्हते.

“मुबारक!” रिसोलतआपा ओरडल्या आणि दुआ मागायला त्यांनी हात वर केले. “मुलगी आमची झाली!”

तेवढ्यात मुनिसा चहाची किटली घेऊन बाहेर आली. तुकडे तिने पाहिले. खाली बसली, रिसोलतआपांचा पियाला घेतला आणि ओतत राहिली. अर्ध्यावर थांबली नाही, काठाशीही थांबली नाही. चहा कडेवरून दस्तरखानावर सांडला तेव्हा थांबली. पियाल्याला कान नसतो, तो उचलायचा कुठून हे रिसोलतआपांना कळेना. मग निगमतआकांचा पियाला, तसाच काठोकाठ. शेवटी वडिलांचा. त्यात तिने घोटभर चहा ओतला आणि छातीवर हात ठेवून तो त्यांच्यापुढे धरला.

हे आपल्या पियाल्याकडे बघत राहिले, मग पाहुण्यांच्या.

“सहावं प्रकरण,” हे पुटपुटले. मग तुकडे कापडावर ठेवून नीट बसले. “आपा, नान मी गोष्ट सांगायला मोडला. लेकीची संमती त्यात नाही. चूक माझी आहे.”

“मोडलेला नान जुळतो का कधी?”

“नाही जुळत. लाज वाटतेय मला. पण मुलगी देणार नाही.”

इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून एवढं सरळ वाक्य मी ऐकलं नव्हतं. निगमतआका मिशीत हसत उठले. “चल रिसोलत,” म्हणाले, “आपला चहा भरलाय.”

पुढे गल्लीभर झालं, चष्मेवाल्याला ढळढळीत नानसुद्धा दिसत नाही. मी कोणाशी वाद घातला नाही. खरंच होतं ते.

मुनिसा गेली त्या सकाळी तिने उंबऱ्यात उभं राहून एका ताज्या नानचा दातांनी घास तोडला आणि उरलेला नान आम्ही भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. ती परत येऊन तो संपवेल. तोवर तो कोणी काढायचा नाही.

स्टेशनवरून आलो. घर भकास वाटत होतं. हे आता पुस्तक उघडणार, अकराव्या प्रकरणात चंद्र चुकीच्या दिशेला उगवलाय असं काहीतरी मला सांगणार, म्हणून मी आधीच कानांत बोटं घालायच्या तयारीने बसले. पण पुस्तक खिडकीतच राहिलं. हे भिंतीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक नानला लागेल इतके जवळ जाऊन बघू लागले. पुष्कळ वेळ बघितलं.

“हनिफा, इकडे ये. ही दाताची खूण बघ. डावीकडचा पुढचा दात तिचा वाकडा आहे.”

“लहानपणापासून आहे,” मी म्हटलं.

“मला दिसलाच नव्हता,” हे म्हणाले, आणि नानकडे तोंड करूनच उभे राहिले, मला डोळे दिसू नयेत म्हणून.