आम्लारीची तांबडी फौज

दादासो कोळेकर सरांनी एकदा सांगितलेलं पोर जन्मात विसरत नाही, असं वडूजच्या पुढच्या त्या चार-सहा वाड्यांमध्ये सगळे म्हणतात. आता हेच वाक्य कानावर आलं की सर विषय बदलतात.

सर मूळचे इतिहास-भूगोलाचे. घर धनगराचं. दिवाळी झाली की वडील कोंडीबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि तळावर ढोलावर थाप टाकून देवाच्या ओव्या लावायचे. ओवी रंगात आली की शेकोटीजवळचा माणूस पाणी प्यायलासुद्धा उठत नसे. पुढं मेंढरं धाकट्या भावाकडे, धुळाकडे गेली आणि बापाचं तोंड तेवढं दादासोंकडे आलं. बी.ए., बी.एड. वगैरे नंतरची गोष्ट. माणूस शिकवायचा तो त्या तोंडावर.

त्यांची तऱ्हा ठरलेली. धडा आदल्या दिवशी घरी वाचायचा आणि वर्गात पुस्तक मिटून ठेवायचं. पोरांनीही उघडायचं नाही. मग टेबलाचा गड व्हायचा, डस्टरचा बुरूज, मागच्या बाकावरची दांडगी पोरं म्हणजे शत्रूची कुमक. मधेच सर मुद्दाम चुकायचे. अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणायचे, "तर पोरांनो, सांगलीतला अजिंक्यतारा..." की सगळा वर्ग कौलं उडतील असा ओरडायचा, "न्हाई सर, साताऱ्यातला!" सर कपाळाला हात लावायचे, "व्हय व्हय, चुकलंच गड्या," आणि गोष्ट पुढं जायची. पोरांना या चुका गोष्टीहून प्याऱ्या होत्या. परीक्षेला उजळणी करावी लागत नसे. ज्याला स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं, असं पोरही गडाचा दरवाजा कुठल्या दिशेला ते बरोबर सांगायचं.

असा माणूस असला की सरकारला चैन पडत नाही. निकष बदलले. अभ्यासक्रमाची नवी चौकट आली, पट कमी म्हणून सामाजिक शास्त्राची जागा उडाली आणि दादासो सर एका कागदावर 'अतिरिक्त' झाले. त्याच सुमाराला विज्ञानाच्या बाई बदलीनं गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. सरांपुढं दोनच वाटा राहिल्या. महाबळेश्वरच्या पल्याड, पावसात बुडालेल्या कुठल्यातरी शाळेत जायचं, नाहीतर इथंच राहून विज्ञान शिकवायचं. घरी आई अंबूबाई अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून धुक्यात कुठं नेणार?

केंद्रप्रमुख हंबीरराव माणूस गोड. त्यांनी प्रशिक्षणात ऐकलेलं सरांना जसंच्या तसं ऐकवलं. "अहो सर, आता विषय महत्त्वाचा नाही, अध्ययन निष्पत्ती महत्त्वाची. तुम्ही शिक्षक नाहीच, तुम्ही सुलभक. मुलं आपली आपण शिकतात. आपण फक्त सुलभ करायचं."

"आणि मलाच येत न्हाई, ते सुलभ कसं करू साहेब?" सरांनी विचारलं.

हंबीरराव हसले. त्यांना तो विनोद वाटला.

इतिहास मिळाला अवधूतला. पोरगा नवा, वाईचा, स्वभावानं चांगला, मूळचा भाषा विषयाचा. पडद्यावर चित्रफीत लावायचा आणि संपली की प्रश्न विचारायचा. मधल्या भिंतीतून तो सपाट आवाज सरांना ऐकू यायचा. लढाई झाली, तह झाला, कारणे पुढीलप्रमाणे. सर इकडं फळ्यावर पेशीचं चित्र काढत उभे. त्यांना वाटायचं, आपलं लेकरू दुसऱ्याच्या दारात उपाशी बसलंय आणि आपल्याला घास भरवायची मुभा नाही.

मग आठवीला आम्ल आणि आम्लारीचा धडा आला. आम्ल म्हणजे लिंबू, चिंच, दही असलं आंबट. आम्लारी म्हणजे चुना, साबण असलं. यातलं कोण कुठलं, हे लिटमस नावाचा कागद रंग बदलून सांगतो. सरांनी रीतीप्रमाणे धडा घरी वाचला, पुस्तक मिटलं. शाळेतल्या विज्ञानपेटीतला लिटमस उंदरांनी केव्हाच खाल्लेला. मग हाताशी राहिली नुसती गोष्ट, आणि गोष्ट सांगायला सरांना काय लागतं?

त्यांनी हळद आणली, सांगलीची, पिवळीधमक. तिच्यावर चुना टाकला. हळद लालभडक झाली आणि पोरं खुदखुदली, कारण हे त्यांना पाळण्यातून ठाऊक. मुका मार लागला की आई हळद-चुना लावते आणि पाय तांबडा होतो. वर्ग खुलला आणि किती महिन्यांनी सरांच्या अंगात कोंडीबांची ओवी संचारली. "चुना कोण? आम्लारी! आम्लारीची फौज तांबडी. ज्या गडात घुसंल तिथं तांबडं निशाण! आणि आम्लाची फौज निळी. लिंबू चालून आलं की तांबडा गडसुद्धा निळा!" लिटमसचे दोन गड झाले, एक निळा, एक तांबडा. मागच्या बाकावरून कुमक आली. मेंढपाळाची राजेश्वरी आम्लारीची सेनापती झाली. तास संपल्याची घंटा झाली, तरी पोरं गड सोडीनात.

हळदीचं खरं होतं. लिटमसचं बरोबर उलटं. आम्ल निळ्याला तांबडं करतं आणि आम्लारी तांबड्याला निळं. पुस्तकात तसं स्वच्छ लिहिलेलं. पण सरांच्या डोक्यात घरातली हळद बसली होती, तिनं रात्रीतून पुस्तक पुसून टाकलं. लहानपणापासून पायाला बांधलेलं खरं मानायचं की काल वाचलेलं?

अवधूतनं खिडकीतून मोबाइलवर तो तास टिपला आणि कौतुकानं केंद्राच्या ग्रुपवर टाकला. तिथं अंगठ्यांचा पाऊस पडला. हंबीररावांनी लिहिलं, 'आनंददायी विज्ञान!' शेवटपर्यंत कुणी बघितला असेल, असं काही वाटत नाही.

चूक उघडी पडली ती वडूजला, विज्ञानाच्या प्रश्नमंजूषेत. राजेश्वरी शाळेकडून गेली होती. लिटमसचा प्रश्न आला आणि हिचा हात सगळ्यांच्या आधी वर. उभी राहून तिनं नुसतं उत्तर दिलं नाही, फौजेसकट दिलं. सभागृह हसलं. परीक्षक बाईंनी "बस बाळ" म्हटलं आणि पुढच्या शाळेला विचारलं. मागं बसलेल्या सरांना आधी कळेचना, लोक का हसतायत. कळलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

परतताना एसटीत राजेश्वरी त्यांच्या शेजारी बसली. डोळे कोरडे. उलट सरांचीच समजूत घालायला लागली. "त्या बाईस्नीच येत न्हवतं सर. पुस्तकात बघून इचारत हुत्या."

सरांना वाटलं, पोरगी शिव्या घालती, रडती, तर बरं झालं असतं. या पोरीचा बाप मेंढरामागं, हिला पुढं नर्स व्हायचंय, आणि हिच्या डोक्यात आपण हे काय पेरून बसलो?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्या गेल्या त्यांनी सांगून टाकलं. "पोरांनो, माझं चुकलंय. आम्ल निळ्याला तांबडं करतं."

"न्हाई सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. "आम्लारी!"

"आरं, खरंच चुकलंय."

पोरं हसायला लागली. सांगलीतला अजिंक्यतारा त्यांना माहीत होता. सर चुकतात ते मुद्दामच, हे त्यांना सरांनीच शिकवलेलं. सरांनी आवाज चढवला, तशी पोरांना आणखी मजा वाटली. त्यांनी पुस्तक उघडायला लावलं. पोरांनी आज्ञाधारकपणे उघडलं, वाचलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी विचारलं तर पुन्हा तीच तांबडी फौज, सरांच्याच हातवाऱ्यांसकट. खरी गोष्ट नुसती ओळ होती. खोटीला घोडे होते.

सरांनी नवी गोष्ट रचून बघितली. जमेना. एकदा जिंकलेला गड पोरं दुसऱ्याला देईनात. हंबीररावांना फोन केला, "साहेब, मला इतिहास परत द्या. न्हाईतर कुणीतरी विज्ञानाचा माणूस पाठवा. पोरांचं नुकसान व्हायलंय."

"सर, वरून आल्याशिवाय मी काय करणार?" हंबीरराव म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. "आणि तुमचा व्हिडिओ तर लय भारी झालाय."

शेवटी सर वडूजला गेले, एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून लिटमसच्या पट्ट्या मागून आणल्या. वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. डोळ्यांनी बघितल्यावर तरी विश्वास ठेवतील. माणूस खोटं बोलेल, कागद कशाला बोलेल?

टेबलाभोवती पोरं गोळा झाली. सरांनी निळी पट्टी धरली, लिंबू पिळलं. थेंब पडला तिथं कागद तांबडा झाला. सरांच्या जिवात जीव आला. "बघितलं? लिंबानं निळं तांबडं केलं."

पोरं पट्टीकडं बघत होती, मग एकमेकांकडं. मागून एकजण हळूच म्हणाला, "कागद खराब आसंल."

"जुना झालाय," दुसरा म्हणाला.

"हळदीत चुना घातला की तांबडंच होतंय की सर. आमच्या घरी कवाबी बघा."

"अरे, हळद वेगळी, लिटमस वेगळा," सर म्हणाले. पण आवाजाला पूर्वीचं बळ राहिलं नव्हतं. त्यांनी दुसरी पट्टी काढली, तिसरी काढली. सगळ्या तांबड्या झाल्या. पोरांच्या चेहऱ्यावर आता मजा नव्हती, काळजी होती. वडूजच्या लोकांनी आपल्या सरांना खराब माल देऊन फसवलंय, एवढंच त्यांना दिसत होतं.

राजेश्वरीनं टेबलावरच्या ओल्या पट्ट्या गोळा केल्या आणि सरांची नजर चुकवत केराच्या डब्यात टाकल्या. मग जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "तुमी काळजी करू नका सर. पेपरात कायबी इचारू दे, आमी सगळी तुमी सांगितल्यालंच लिवणार हाय."