मिसेस चेन आणि आमच्या डेनमधला अंधार

मुलांनो, मिसेस चेन गेल्याचा फोन मी उचलला होता. त्यांची मुलगी म्हणाली, "तुमच्या मिस्टरांना देता का जरा?" मी रिसीव्हर आजोबांना दिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं... चहाची कपबशी शेजारधर्म म्हणून इतकी वर्षं मी दिली, पण निरोप आजोबांच्या नावानं आला.

आजोबा रिटायर झाले आणि डेनमध्ये, म्हणजे त्यांच्या वाचायच्या छोट्या खोलीत, जाऊन बसले, ते तुम्ही सुट्टीत पाहिलंच होतं. पडदे ओढलेले, दाराकडे पाठ, बोलणं बंद. मला धास्ती वाटे, हा माणूस असाच विझून जाईल. मी परोपरीनं सांगितलं, तिन्हीसांजेला अंधारात बसू नये, दिवा लावा. "अंधश्रद्धा," म्हणायचे इंजिनिअरसाहेब.

मग एकदा शेजारच्या मिसेस चेन संत्री घेऊन आल्या. मूळच्या तैवानच्या, आमच्याच वयाच्या, घरात एकट्याच राहायच्या. डेनच्या दारात थबकल्या. इथे सगळं यिन साचलंय, म्हणाल्या. यिन म्हणजे थंड, काळोखी, निश्चल. त्याला जोड हवी यांगची, म्हणजे उजेड, ऊब, हालचाल. घरात दोन्ही असावीत, जिथली तिथे. त्यांच्याकडे याला फेंग शुई म्हणतात. आजोबांनी चार प्रश्न विचारले, उठले, खुर्ची दाराकडे वळवली, पडदे उघडले, दिवा लावला. मी सांगितलं तर अंधश्रद्धा, तिनं सांगितलं तर एनर्जी.

"आणि माझं किचन?" मी विचारलं.

"फार यांग," त्या म्हणाल्या. "शेगडी, मिक्सर आणि तू."

आजोबा मोठ्यानं हसले. कित्येक महिन्यांनी हसले... पण मला का नाही हसवता आलं?

पुढे त्या दुपारी चहाला येऊ लागल्या आणि आजोबा इस्त्रीचा शर्ट घालू लागले. झोपायची खोली यिन हवी म्हणून टीव्हीसुद्धा बाहेर आला. मी त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले होते. बाई चांगल्या होत्या, नाही म्हणत नाही. मला ताप आला तेव्हा भाताची पेज घेऊन आल्या. त्यात मीठ नव्हतं, हे मात्र मी आजोबांना लगेच सांगितलं.

त्या गेल्या आणि डेनचे पडदे पुन्हा मिटले. दोनतीन दिवस मी पुन्हा बोलत राहिले. मग एका संध्याकाळी गॅस बंद केला, आत गेले आणि त्यांच्याजवळ गप्प बसले. दिवाही लावला नाही. इतका वेळ मी गप्प बसल्याचं आमच्या संसारात कुणाला आठवणार नाही.

बऱ्याच वेळानं तेच बोलले. "मिसेस चेन लहानपणी नदीकाठी राहायच्या, तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. "मग?" मी विचारलं.

आता रोज संध्याकाळी मी तिथे बसते आणि तिच्याबद्दल एकेक विचारते. मला माहीत नसलेलं, पण त्यांना ठाऊक असलेलं काही निघालं की आत कुठेतरी टोचतं. पण ते बोलता बोलता स्वतःच उठून दिवा लावतात... म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारते.