मुलाचे मेडिकल बोर्ड आणि मी पाठवलेल्या गोळ्या

परमेश्वराच्या कृपेने आजचाही दिवस पाहिला. त्याला वंदन करून मनातली भीती आपल्यापुढे ठेवतो.

माझा मुलगा श्रीरंग भारतीय सैन्यात मेजर आहे. चार महिन्यांपूर्वी वार्षिक तपासणीत त्याचा मधुमेह व रक्तदाब उघड झाला. तो सेवेस योग्य आहे का, हे ठरवण्यासाठी आज पुण्यात त्याचे मेडिकल बोर्ड होते. मी येथे अमिरातीत, रास अल खैमाला मुलीकडे असतो.

आत जाण्यापूर्वी त्याचा फोन आला. "बाबा, गोळ्या कधीपासून घेतो असे विचारतील. काय सांगू?"

खरे उत्तर तीन वर्षे. लष्करी इस्पितळात नोंद होऊन बढती अडू नये, म्हणून भारतात जाणाऱ्या ओळखीच्या माणसांबरोबर मीच येथून गोळ्या पाठवत होतो. रोज पोथी वाचणाऱ्या या हातांनी ती पाकिटे बांधली.

मुलगी कुजबुजली, "चारच महिने सांग म्हणा ना, बाबा. खलास, विषय संपला."

"तीन वर्षे सांग," मी म्हणालो. "आणि गोळ्या बापाने पाठवल्या, हेही सांग."

"नोकरी गेली तर?" श्रीरंगने विचारले.

याला चार तास झाले. त्याचा फोन लागत नाही. पोथी उघडली आहे, पण अक्षरे स्थिर दिसत नाहीत. लेकराच्या मायेपोटी आपणही असे काही झाकले आहे का?

वाचणाऱ्या सर्वांच्या लेकरांना आरोग्य लाभो, आणि खरे बोलण्याचे बळ आपणांस माझ्याहून लवकर मिळो.