चढावरचा वास

नव्या राज्याची राजधानी भोपाळला ठरली आणि बाबांच्या खात्याबरोबर आम्हीही नागपूर सोडलं. बाबा आधी येऊन रुजू झाले होते. सामान ट्रकने गेलं. आई, मी, लोणच्याच्या बरण्या आणि मसाल्याची गाठोडी बाबांच्या जुन्या मोटारीतून आलो. ती एका ड्रायव्हरने इथवर चालवत आणली.

टी. टी. नगरात तेव्हा काही क्वार्टर्स उभे होते, बाकीच्यांच्या जागी विटांचे ढीग. कॉलेजात मी फारशी कुणाशी बोलत नसे. माझ्या हिंदीत इंग्रजी शाळेचं वळण लगेच ओळखू येई आणि मुली एकमेकींकडे बघत. मोटार चालवताना मात्र कुणाशी बोलावं लागत नाही. थंडी पडली की शिकवतो, असं बाबांनी कबूल केलं होतं आणि मी त्याचीच वाट बघत होते.

थंडीच्या आधी वास सुरू झाला. श्यामला हिल्सचा चढ लागला की इंजिनाकडून काहीतरी जळल्यासारखा वास येई, आणि उतार लागला की जाई. बाबा बॉनेट उघडून वाकत, मीही शेजारी वाके. रबर जळत असेल तर पंख्याचा पट्टा, ऑइल जळत असेल तर निळसर धूर, कच्च्या पेट्रोलचा वास असेल तर कार्बुरेटर, असं ते मला समजावत. पट्टा बदलला. ऑइल कुठे गळत नव्हतं. मेकॅनिकने सगळं इंजिन पुसून काढलं आणि म्हणाला, "साहब, पड़ोस में किसी की दाल जल रही होगी।"

बाबा कंटाळले. त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ गाडी घ्यायला तयार होते. रविवारी संध्याकाळी बघायला येणार होते. म्हणजे माझं गाडी शिकणं रविवारी संध्याकाळीच संपणार होतं.

मला त्या वासाचं नाव हवं होतं. डोक्यात इंग्रजीत यायचं ते एवढंच, की काहीतरी जळतंय. आईकडे करपट, खवट, कुबट, उग्र असे कितीतरी शब्द होते, पण गाडीत बसली की ती पदर नाकाला लावायची आणि घरी येईपर्यंत काढायची नाही. गाडी हा बाबांचा विषय होता.

रविवारी सकाळी बाबांनी आम्हाला शेवटचं म्हणून मिसरोदच्या बाजूला नेलं. वाटेत एक लहानसा चढ लागला आणि वास आला. मी दोन्हीकडच्या खिडक्यांतून पाहिलं. नुसती शेतं. घर नाही, चूल नाही, कुणाची डाळ नाही.

"बाबा, थांबा," मी म्हटलं. मी असं कधी म्हणत नसे, म्हणून ते लगेच थांबले. "आई, पदर काढ ना. कसला वास आहे सांग."

आईने नाक वर केलं. "फोडणी जळल्यावर येतो तसा. हळद करपलीय, अहो."

"मोटारीत हळद," बाबा म्हणाले. "मोहरी तडतडताना ऐकू आली का?"

पण ते उतरले. इंजिन निवेपर्यंत आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो. मग त्यांनी फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण काढलं. आतलं पाणी पिवळं होतं, पातळ वरणासारखं. खाली जोडापाशी एक बारीक पिवळा ओघळ वाळून करपला होता.

आईने वाकून त्या पाण्याकडे पाहिलं. "मुलताईला त्या ड्रायव्हरने माझ्याकडे हळद मागितली होती," ती म्हणाली. मी तेव्हा मागे झोपले होते.

"आणि तू दिलीस?" बाबांनी विचारलं.

"मूठभर. 'रिस रहा है' म्हणाला. मला वाटलं, बोट कापलंय, रक्त येतंय. दाखव म्हटलं तर हसायला लागला. मी आपली समजले, लाजतोय."

बाबा मैलाच्या दगडावर बसून हसले. "अगं, रेडिएटर गळत होता. तुझ्या हळदीने चीर बुजली, म्हणून तुम्ही इथवर पोचलात."

"मग वास का येतो?" मी विचारलं.

"चढावर पाणी तापतं, दाब वाढतो, थोडं बाहेर येतं. गरम पत्र्यावर हळद जळते."

"मग गाडी विकायची?"

"दुखणं कळल्यावर कशाला विकायची?"

संध्याकाळी ते गृहस्थ आले. बाबांनी त्यांना चहा दिला आणि हळदीची गोष्ट सांगितली. "म्हणजे मोटार बरी झाली, आणि मी परत जायचं," ते म्हणाले आणि दुसरा कप न घेता उठले. त्याच आठवड्यात गोविंदपुऱ्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानात रेडिएटर धुऊन, जोड झाळून घेतला.

थंडी पडल्यावर त्याच श्यामला हिल्सच्या चढावर मी स्टीअरिंगमागे होते. अर्ध्यावर वास आला. मी दीर्घ श्वास घेतला. हळद नव्हती.

"बाबा, आता हा कुठून?"

"तुझ्या डाव्या पायातून. क्लच जळतोय, त्यावरचा पाय उचल."

मागे आईने पदर नाकाला लावला.