दुपारी दोन दहाचा फोन

ती घटना आठवायची म्हटली की मला चेहरे आठवत नाहीत, आवाज आठवतो. पोलिसांच्या आठवणी बहुधा खून-दरोड्याच्या असतात आणि सांगणारा शेवटी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतो. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुलूप फुटलं नाही, आरोपी दोन दिवसांत सापडला. तरी निवृत्तीनंतर मला छळतं ते हेच प्रकरण. नावं कोणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. नवरात्र चालू होतं. नवरात्र म्हणजे आमच्यासाठी बंदोबस्त, मंडळांच्या परवानग्या, लाऊडस्पीकरच्या तक्रारी आणि आलेला प्रत्येक रजेचा अर्ज नामंजूर. त्यातच हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठ नागरिकांना भेटून रजिस्टरवर त्यांची सही आणायचं काम एका महिला हवालदाराकडे होतं. बाई वीस वर्षं नोकरी केलेली, उगाच घाबरणारी नव्हे. सहाव्या माळेच्या दिवशी तीनच्या सुमारास ती माझ्या केबिनमध्ये आली आणि खुर्चीत न बसता म्हणाली, "साहेब, त्या टेलिफोनवाल्या काकांकडे तुम्ही स्वतः एकदा जा."

"काय झालं?"

"त्यांचा मुलगा-सून बालीला फिरायला गेलेत. तिकडे आठ दिवसांसाठी गाडी आणि ड्रायव्हर घेतलाय. ते गाडीत जे बोलतात ते इथे काकांना रोज दुपारी फोन करून कोणीतरी सांगतं."

"मुलगाच करत असेल."

"मुलाचा संध्याकाळी येतो. हा दुसराच कोणी आहे. आज माझ्यासमोर आला, मी कान लावला. म्हणाला, 'बाबा, सही दसऱ्याला घ्यायचं ठरलंय. दिवस चांगला आहे म्हणून.' आणि ठेवून दिला."

मी हसलो. म्हातारी माणसं आणि फोन, यांवर माझी मतं ठाम होती. बाई मात्र हसली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी गेलो.

काका एकोणऐंशी वर्षांचे, विधुर. जुन्या काळी ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटरच्या नोकरीत त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेलेली. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या. इमारत पुनर्विकासाला चाललेली, निम्मे रहिवासी हललेले, त्यामुळे जिन्यात माझ्याच बुटांचा आवाज मला मोठा वाटत होता. मुलगा आणि सून एरवी त्यांच्याजवळच राहायचे. पण दोघांच्या ऑफिसच्या रजा नवरात्रातच जमल्या आणि घरात घट बसलेले. घट बसले की नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही. काका म्हणाले होते, तुम्ही जा, घट मी बघतो. जाण्याआधी मुलानेच ठाण्यात येऊन त्यांचं नाव रजिस्टरवर घातलं होतं. हे नीट लक्षात ठेवा, मुलगा काही राक्षस नव्हता.

"बसा साहेब. दोन दहाला येईल," काका म्हणाले, कुरिअरवाला येणार असल्यासारखं.

मग त्यांनी मला त्यांची वही दाखवली. नोकरीतली सवय. घरी आलेला प्रत्येक फोन हा माणूस लिहून ठेवायचा. वेळ, किती मिनिटं, काय बोलणं, आणि शेवटच्या रकान्यात मागून ऐकू आलेले आवाज. तिसऱ्या माळेला पहिला फोन होता. 'बाबा, आज ते भाताची खाचरं बघायला गेले. सूनबाईंना वळणांवर मळमळलं, त्यांनी आवळासुपारी खाल्ली.' काकांना वाटलं, ट्रॅव्हल एजन्सी बरी दिसते, घरच्यांना खुशाली कळवते. संध्याकाळी मुलानेही तेच सांगितलं, अगदी आवळासुपारीसकट. चौथ्या माळेला समुद्राकाठचं देऊळ, माकडाने पळवलेला चष्मा. पाचव्या माळेला एकच वाक्य होतं. 'बाबा, आज ते तुमच्याबद्दल बोलले.'

"मुलाला विचारलं नाहीत?"

"काय विचारू? तू माझ्याबद्दल काय बोललास?" काकांनी दिव्यात तेल घातलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. "साहेब, मला कोणाला पकडायचं नाही. हा माणूस खरं बोलतोय की खोटं, एवढंच शोधून द्या. दसऱ्याला मुलगा पुनर्विकासाचे कागद पुढे करणार. हे घर माझ्या नावावर आहे. मी सही करायची की नाही, ते त्यावर आहे."

फोन बरोबर दोन दहाला वाजला. स्वयंपाकघरात त्याच लाइनवर जुना दुसरा फोन होता, त्याचा रिसिव्हर मी उचलला. तरुण पुरुषाचा आवाज. शांत, हळू, आजारी माणसाच्या उशाशी बोलावं तसा.

"बाबा, सातवी माळ घातलीत का? स्टुलावर चढताना जपा. आज मी सांगत नाही. आज तुम्हीच ऐका."

मग गाडीच्या एसीची घरघर आली आणि एका पुरुषाचा आवाज, अगदी जवळून. "बिल्डिंग उभी राहायला तीन वर्षं. तोवर बाबांना टिटवाळ्याला ठेवू. वृद्धाश्रम बघून आलोय मी, चांगलाय. त्यांना आत्ता सांगायचं नाही, भाड्याचं घर बघितलंय म्हणायचं. त्यांना कुठे काय कळतंय आता?"

खट्. फोन बंद. मी बाहेर आलो तेव्हा काका वहीत लिहीत होते. एक मिनिट पाच सेकंद. देवघरातल्या सात माळा पंख्याच्या वाऱ्याने एकमेकींवर घासत होत्या आणि तेवढाच आवाज घरात होता. 

फोन इंटरनेटवरून केलेला निघाला. सायबरवाले म्हणाले, चार-पाच दिवस लागतील. दसरा तीन दिवसांवर. मला वाट दाखवली ती काकांच्या शेवटच्या रकान्याने. परदेशातून आलेला आवाज कसा असतो ते त्यांना पक्कं माहीत होतं, आणि हा तसा नव्हता. मागून आलेले आवाज त्यांनी टिपले होते. 'ढोल. गर्दी. स्पीकरवर घोषणा, हरवलेली मुलगी, पिवळा फ्रॉक, देवीच्या मंडपाजवळ यावे.' दुसऱ्या दिवशी, 'तोच स्पीकर, दर्शनाची रांग सरकवा.' दिवसाढवळ्या देवीच्या दर्शनाला एवढी रांग म्हणजे ठाणे शहरातला टेंभी नाका. हवालदार बाईंनी गाडीच्या बुकिंगची पावती काकांकडून मागून आणली. एजन्सीचा पत्ता टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतला.

आठव्या माळेला तिथल्या पोलीस ठाण्याला कळवून आम्ही दोनच्या आधी तिथे पोहोचलो. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक गावी. आतल्या खोलीत तिशी उलटलेला एक माणूस कानाला हेडफोन लावून बसलेला. समोरच्या मोठ्या पडद्यावर लहान लहान चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत एका गाडीचा आतला भाग. कुठे पाऊस, कुठे ऊन, कुठे मागच्या सीटवर झोपलेलं मूल. कोणालाच माहीत नव्हतं की ठाणे शहरात बसून कोणी आपल्याकडे बघतंय. एका चौकटीत काकांची सून होती, त्यांच्या घरातल्या फोटोत पाहिलेली. कॅमेरा आरशाखाली असावा, कारण तिने आरशात बघून टिकली सरळ केली तेव्हा ती थेट माझ्याकडे बघत होती. मी नजर खाली घातली.

तो पळाला नाही. हेडफोन काढून म्हणाला, "दोन दहाला एक फोन करायचाय. करू द्याल?"

पोलीस ठाण्यात त्याचा जबाब मीच घेतला. एजन्सी परदेशातल्या गाड्यांमध्ये कॅमेरे बसवायची, ड्रायव्हरबद्दल तक्रार आली तर पुरावा हवा म्हणून. ऐकत बसणं ही त्याची नोकरी होती.

"आपली माणसं परदेशात गेली की गाडीत काहीही बोलतात, साहेब," तो म्हणाला. "ड्रायव्हरला मराठी येत नाही ना. घरी भिंतीला ऐकू जाईल म्हणून जे बोलत नाहीत, ते तिथे बोलतात."

"काकांचा नंबर कुठून मिळाला?"

"फॉर्मवर असतो. आपत्कालीन संपर्क. सगळे वडिलांचाच देतात."

"तुला काय पाहिजे होतं? पैसे?"

त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मी माझ्या वडिलांची सही घेतली होती. दुरुस्तीचे कागद आहेत म्हणून. ते आश्रमात सात महिने जगले. रोज दुपारी जेवण झालं की तिथल्या बाईला विचारायचे, दुरुस्ती कुठवर आली. त्यांना आधी कोणी सांगितलं असतं तर?"

"आणखी कोणाला केलेस फोन?"

"हे चौथे बाबा. आधी एक आजी होत्या. मुलं परत यायच्या आत त्यांनी दाराचं कुलूप बदललं." आणि तो पहिल्यांदा हसला. त्या हसण्याने मला त्याची भीती वाटली, आणि त्याची दयाही आली.

सरकारतर्फे फिर्याद देऊन गुन्हा नोंदवला. रेकॉर्डिंग मुद्देमालात जमा. सील करण्याआधी मी ते पूर्ण ऐकलं. त्याने तुकडा कापून ऐकवला होता. मुलाच्या वाक्यानंतर बराच वेळ कोणी बोलत नाही. मग सून विचारते, "बाबा माळ घालायला स्टुलावर चढले असतील का रे?" मुलगा म्हणतो, "चढले असतील. ते विसरत नाहीत." आणि त्याचा आवाज जड आहे. बस्स, एवढंच. एकाच माणसाच्या तोंडून, पाच मिनिटांच्या अंतराने, दोन्ही वाक्यं.

हे सगळं काकांना तसंच्या तसं सांगायचं होतं. माझं काम तेवढंच होतं. नवव्या माळेला मी त्यांच्याकडे गेलो. ते दारातच उभे. "खरं की खोटं?"

मी त्यांच्याकडे बघितलं, मागे तेवणाऱ्या दिव्याकडे बघितलं आणि म्हणालो, "खोटं, काका. हल्ली कॉम्प्युटरवर कोणाचाही आवाज बनवता येतो. आवाज नकली होता."

काका आत जाऊन घटाशेजारी बसले. "मी जन्मभर कानावर जगलो, साहेब," ते म्हणाले. "पण तुम्ही चौकशी केलीत. तुम्ही म्हणता तर नकली." त्यांनी वही उघडली आणि सातव्या माळेच्या नोंदीपुढे तो शब्द लिहिला.

दसऱ्याच्या दिवशी मुलगा परत आला. त्याचा जबाब घेतला तेव्हा आपलं खाजगी बोलणं कोणी ऐकलं म्हणून तो संतापला, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. जाताना दारात थांबला. "बाबांना काय सांगितलंत?"

"आवाज नकली होता म्हणून."

त्याचे खांदे सैल झाले. "थँक्यू साहेब," तो म्हणाला. त्या थँक्यूने माझ्या तोंडाची चव गेली.

पुढे काही महिन्यांनी हवालदार बाईंनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. काकांच्या नावापुढे पत्ता बदलला होता. टिटवाळा. मी सुट्टीच्या दिवशी गेलो. आश्रम स्वच्छ होता, माणसं चांगली होती. काका खिडकीशी बसलेले, मांडीवर वही. सून दर रविवारी डबा घेऊन येते म्हणाले.

"काका, तुम्हाला माहीत होतं ना? मग सही का केलीत?"

"तुम्ही नकली म्हणालात," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही खरं म्हणाला असतात तर मी मुलाला समोर बसवून विचारणार होतो. कदाचित इथे स्वतःहून आलो असतो. कदाचित नसतो आलो. तुम्ही नकली म्हटल्यावर विचारायला काही उरलंच नाही. बापाने पोलिसाला खोटं पाडून मुलावर संशय घ्यायचा का?" मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "अजून दोन दहाला कान फोनकडे जातो. मला खरं सांगणारा तेवढा एकच होता."

तिथून स्टेशनपर्यंत मी चालत आलो. चाळीस-एक संशयितांना मी खोटं बोलताना पकडलं असेल, आणि त्याचं मला कौतुक होतं. दया म्हणून बोललेलं खोटं दुसऱ्याचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतं, हे मला नोकरी संपता संपता कळलं. फोनवाल्याने काकांना अर्धं सत्य ऐकवलं. उरलेलं अर्धं माझ्याकडे होतं, आणि मी ते सील करून ठेवलं.

आता मी घोडबंदर रोडला मुलाकडे राहतो. मागच्या आठवड्यात तो आणि सून श्रीलंकेच्या सहलीचा फॉर्म भरत बसले होते. आठ दिवस, गाडी आणि ड्रायव्हरसकट. मुलगा लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "बाबा, आपत्कालीन संपर्क म्हणून तुमचा नंबर टाकू ना?"

मी हो म्हणालो. परवा ते निघाले. दुपारी मी लवकर जेवून घेतो आणि दोन वाजल्यापासून फोनजवळ बसून असतो.